लांडग्याचं काय करायचं?

लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट मराठीत नव्याने लिहायला घेतली तेव्हा सगळ्यात आधी लांडगा आडवा आला. किशोरांसाठी निघणाऱ्या एका दिवाळी अंकाला जुन्या परीकथा नव्या रूपात हव्या होत्या. वाचक ११ ते १४ वर्षांचे. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "गोडगोड नको हं. भीती वाटली तरी चालेल, कंटाळा यायला नको." मी लगेच हो म्हटलं. या वयाच्या मुलांसाठी भीतीची गोष्ट कुणीतरी जीव ओतून लिहायला हवी, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

याला कारण आमचा वाचनगट. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीतली मुलं शनिवारी दुपारी माझ्याकडे जमतात. आम्ही मोठ्याने वाचतो आणि मग वाचलेल्यावर भांडतो. सहावीपर्यंतची मुलं राजा-राणी, राक्षस, बोलणारे प्राणी असं सगळं आवडीने ऐकतात. सातवीत गेली की म्हणायला लागतात, मावशी, हे फार बाळबोध आहे. मग तीच मुलं फोनवर भुताचे व्हिडिओ बघतात. त्यात किंचाळ्या असतात, अंधार असतो, रक्त असतं, गोष्ट मात्र नसते. कोण घाबरवतंय, कशासाठी, घाबरलेल्याने पुढे काय केलं, यातलं काहीच कळत नाही. भीती या मुलांना नवी नाही. भीतीच्या पलीकडे चालत गेलेलं कुणी त्यांना भेटत नाही.

नाशिकच्या मुलांना तर गोष्टीतल्या रक्ताची वेगळी ओळखही करून द्यावी लागत नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा म्हणून आपण त्यांना तपोवन दाखवतो. पंचवटीत सीतागुंफेत वाकून, सरपटत आत जातात, आणि बाहेर आल्यावर कुणीतरी सांगतं की रावण साधूच्या वेशात आला, गोड बोलला, भिक्षा मागितली आणि सीतेला उचलून घेऊन गेला. चार वर्षांच्या पोराला हे सांगताना कुणाची जीभ अडखळत नाही. चिऊ-काऊचंही तसंच. माझी आजी मला सांगायची त्या गोष्टीत चिऊ तवा तापवते, काऊला त्यावर बसवते आणि काऊ भाजून मरतो. घास भरवताना सांगायची गोष्ट ही. पण मूल बारा वर्षांचं झालं, स्वतः वाचायला लागलं, की त्याच्या हातात देताना आपण गोष्टीचे दात काढून घेतो.

मी आधी जुने पाठ वाचायला बसले. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तिथल्या कपाटांत परदेशी परीकथांची मराठी रूपं किती तऱ्हांची सापडतात हे पाहण्यासारखं आहे. त्यांतल्या मी चाळलेल्या बहुतेक पुस्तकांत लांडगा शेवटी पळून तरी जातो किंवा शिकारी त्याला हाकलून लावतो. आजी कपाटात लपलेली असते. कुणी कुणाला खात नाही.

मूळ पाठ पाहिले तर चित्र निराळं. ग्रिम बंधूंचा, याकोब आणि विल्हेल्म यांचा, लोककथांचा पहिला खंड १८१२ साली निघाला, दुसरा १८१५ साली. नावात मुलं होती, पण पुस्तकात चित्रं नव्हती आणि अभ्यासकांसाठी टिपा होत्या. १८५७ पर्यंत सात आवृत्त्या निघाल्या आणि विल्हेल्म दर आवृत्तीत गोष्टींवर हात फिरवत गेला. १८२५ साली मुलांसाठी ५० गोष्टींची लहान आवृत्ती काढली, तिला चित्रं त्यांच्याच धाकट्या भावाची, लुडविग एमिलची. पहिल्या आवृत्तीचा पूर्ण इंग्रजी अनुवाद जॅक झाइप्स यांनी २०१४ मध्ये आणला. तो आणि शेवटची आवृत्ती मी शेजारी शेजारी ठेवून वाचली.

मला वाटलं होतं विल्हेल्मने क्रौर्य कमी केलं असेल. काही ठिकाणी केलंच. मुलं खाटीक-खाटीक खेळता खेळता खरंच गळा चिरतात, अशी एक गोष्ट पहिल्या आवृत्तीत होती, ती दुसऱ्या आवृत्तीत नाही. पण हिमगौरीच्या गोष्टीतली राणी शेवटी तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचते, ते तसंच राहिलं. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात, ते तर पहिल्या आवृत्तीत नव्हतंच, नंतर घातलं. मग बदललं काय? १८१२ मध्ये हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून यायचा हट्ट धरणारीही आधी आईच होती, ती १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. हिंसा राहिली, करणारा बदलला. विल्हेल्मला तापलेले जोडे चालले, पण आईने असं करावं हे चाललं नाही.

हे कळल्यावर माझ्या कामाची दिशा ठरली. मुलांसाठी गोष्ट सौम्य करताना मोठी माणसं खरं तर स्वतःला नको असलेली गोष्ट काढतात. आणि ती काढताना तिला चिकटून असलेलं आणखी काहीतरी निघून जातं. हान्सेल-ग्रेटेलच्या गोष्टीतून भट्टी काढून टाकली, चेटकीण नुसती पळून गेली असं केलं, तर ग्रेटेलने काय केलं? काहीच नाही. अख्ख्या गोष्टीत रडणारी ती मुलगी एका क्षणी वेड पांघरते, भट्टीत कसं वाकायचं ते मला येत नाही, तूच दाखव, असं चेटकिणीला म्हणते आणि ढकलते. भट्टी गेली की ग्रेटेलचं ते धाडसही गेलं. उरतं वाचवलं गेलेलं मूल. मी ठरवलं की जुन्या गोष्टीत भीतीच्या शेजारी काय ठेवलंय ते आधी शोधायचं आणि त्याला हात लावायचा नाही.

लाल टोपीच्या गोष्टीत ते कुठे आहे? शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेल्या फ्रेंच गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. खाली पद्यात तात्पर्य आहे, गोड बोलणारे लांडगे सगळ्यात घातक. ग्रिमकडे शिकारी येतो, कात्रीने लांडग्याचं पोट फाडतो, आजी आणि नात जिवंत बाहेर येतात. आपल्याला माहीत असलेली गोष्ट इथवरच. पण ग्रिमच्या पुस्तकात त्याच गोष्टीला जोडून आणखी एक तुकडा आहे, मुलांच्या आवृत्त्यांत तो सहसा छापत नाहीत. पुन्हा एकदा ती मुलगी आजीकडे निघते, पुन्हा एक लांडगा भेटतो. या वेळी ती थांबत नाही, थेट आजीकडे जाते, दोघी दाराला कडी घालतात. लांडगा छपरावर चढून दबा धरून बसतो. आजी म्हणते, काल मी सॉसेज शिजवली होती, ते पाणी दारातल्या दगडी डोणीत ओत. मुलगी पाणी ओतत राहते. वास वर जातो. लांडगा मान ताणून ताणून बघतो, घसरतो आणि डोणीत बुडून मरतो. शिकारी नाही, कात्री नाही. एक म्हातारी आणि एक पोर.

हा तुकडा वाचला आणि माझी गोष्ट कुठून सुरू करायची ते पक्कं झालं. शिकारी निघून गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यापासून.

जागा मी निफाडची घेतली. निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. पारा फार उतरला की द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटवतात, पहाटे सगळीकडे धूर असतो. लाल टोपीची लाल लोकरी कानटोपी झाली. ग्रिमची मुलगी आजीला केक आणि वाइनची बाटली घेऊन जाते. द्राक्षांच्या मुलखात वाइन शोभली असती, पण ती आमच्या खेड्यातल्या आजीच्या घरात बसेना. म्हणून माझ्या मुलीच्या डब्यात हुलग्याचे शेंगोळे. सॉसेजच्या पाण्याऐवजी मटणाचं आळणी पाणी. डोण आहे तशीच राहिली, गुरांची दगडी डोण आमच्याकडेही असते.

लांडग्याचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. ज्याला त्याला सुचायचा तो बिबट्या. निफाड, सिन्नर, दिंडोरी, या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्या असतो, वन खातं पिंजरे लावतं, रोज बातम्या येतात. मी बिबट्या घालून एक पान लिहिलं आणि गटात वाचलं. तिथे एक मुलगी आहे, तिच्या मामाचं शेत निफाडकडे आहे. ती म्हणाली, "मावशी, बिबट्या असं बोलत बसत नाही. तो आला तर कुत्रं उचलतो नाहीतर वासरू. आजीचे कपडे कशाला घालेल?" दुसरा एक मुलगा म्हणाला, "हा तर रावण आहे. साधू होऊन आलेला." मग गटात बराच वेळ त्यावर चाललं आणि मला जे हवं होतं ते मुलांनीच सांगितलं. बिबट्या हे जनावर आहे, त्याला भूक लागते, त्याच्यावर राग धरून उपयोग नाही. गोष्टीतला लांडगा माणसाच्या आवाजात बोलतो, आपली चौकशी करतो, आपण कुठे चाललोय ते काढून घेतो. ही दोन भयं मुलांच्या मनात वेगळी आहेत आणि ती वेगळीच राहायला हवीत. ज्या गावात खराखुरा बिबट्या येतो तिथल्या मुलासमोर त्याला कपटी ठरवणं मला पटलंही नसतं. लांडगा लांडगाच राहिला.

लिहायला सगळ्यात अवघड गेलं ते पोटातल्या अंधाराबद्दल. आजीला लांडग्याने आधी गिळलं, नातीला नंतर. म्हणजे मधला वेळ आजी आत एकटी होती. जुन्या गोष्टीत यावर एक शब्द नाही. माझ्या गोष्टीत आजी आता दिवा मालवून झोपत नाही आणि नात शाळेत कुणी मागून हाक मारली की दचकते. गावातले लोक शिकाऱ्याच्या शौर्याबद्दल बोलतात, या दोघींना कुणी काही विचारत नाही. मग एका रात्री शेकोटीजवळ बसून नात विचारते:

"आजी, मी यायच्या आधी आत काय होतं?"

"काय नव्हतं गं. नुसता अंधार."

"आणि मी आले तेव्हा?"

आजी बराच वेळ लाकूड सरकवत राहिली. "तू आलीस, तवा लई वाईट वाटलं," ती म्हणाली. "आन बरं बी वाटलं."

हे वाचलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. मग सगळ्यात दंगेखोर मुलाने विचारलं, "बरं वाटलं हे ती खरंच बोलली का नातीला? माझी आजी असं कधीच बोलणार नाही." त्यावर मुलं आपापल्या आजीबद्दल बोलायला लागली आणि ती दुपार गोष्टीपलीकडे गेली. संपादकबाईंना हा संवाद आधी उदास वाटला होता. मुलं कशी ऐकत होती ते मी त्यांना सविस्तर लिहून कळवलं आणि त्यांनी तो ठेवला.

डोणीच्या प्रसंगावर मी खूप काम केलं. माझ्या आधीच्या मसुद्यात लांडग्याचं बुडणं परिच्छेदभर होतं, डोळे, फेस, नखांचा दगडावर होणारा आवाज, सगळं. मोठ्याने वाचताना लक्षात आलं की मुलं त्या परिच्छेदात मुलीला विसरून लांडग्याकडे बघत होती. मग मी विशेषणं काढत गेले आणि बादल्या वाढवत गेले. छापलेल्या गोष्टीत मुलगी अंधारात बादलीमागून बादली ओतते, हात कापतात, वर कौलं करकरतात, आजी आतून सांगते, "अजून एक." लांडगा पडतो ते एका वाक्यात आहे, आणि पुढचं वाक्य एवढंच: "डोण खोल होती." किती रक्त दाखवायचं यापेक्षा डोळा कुणावर ठेवायचा, हा प्रश्न मला या वयासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. मरणाऱ्यावर रेंगाळलं की वाचक बघ्या होतो. करणाऱ्यावर रेंगाळलं की तो तिच्याबरोबर बादली उचलतो.

गटात ही गोष्ट पूर्ण वाचून झाल्यावर एका मुलीच्या आईचा फोन आला. मुलगी रात्री झोपली नव्हती. आईचा आवाज चिडलेला नव्हता, काळजीचा होता. तिला वाटत होतं डोणीमुळे. मी म्हटलं, मी येऊन बोलू का तिच्याशी? संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. मुलीला डोणीचं काहीच नव्हतं, उलट तो भाग तिला आवडला होता. भीती वेगळीच होती. गोष्टीत लांडगा दाराबाहेरून नातीच्या आवाजात हाक मारतो, "आजी, दार उघड, शेंगोळे आणलेत," आणि नात तर आत आजीच्या कुशीत बसलेली असते. स्वतःचा आवाज बाहेरून येतोय हे तिला सहन झालं नव्हतं. तिची आजी सिन्नरला एकटी राहते. कुणाचाही आवाज हुबेहूब काढून फोनवर पैसे मागतात हे तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, "माझ्या आवाजात कुणी आजीला फोन केला तर तिला कसं कळेल?"

हा प्रश्न मी घरी घेऊन आले. प्रसंग काढला असता तर तिची भीती गेली नसती, फक्त गोष्टीबाहेर एकटी राहिली असती. गोष्टीतच तिला उत्तर मिळायला हवं होतं. म्हणून आजी-नातीमध्ये एक खूण आली. त्यांच्या म्हशीचं सगळ्यांना माहीत असलेलं एक नाव आहे, आणि नातीने ठेवलेलं एक, जे फक्त या दोघींना ठाऊक. बाहेरून नातीचा आवाज येतो तेव्हा आजी दाराआडून विचारते, "आपल्या म्हशीला तू काय म्हणतीस गं?" बाहेर शांतता. मग छपरावर पावलं. हा प्रसंग त्या मुलीला मी सगळ्यांच्या आधी वाचून दाखवला. तिने आणि तिच्या आजीनेही एक खूण ठरवली आहे. ती काय आहे ते मला सांगितलेली नाही.

अंकाने दोन गोष्टी मागितल्या होत्या. दुसरी मी परदेशातली घेतली नाही. ग्रिम वाचता वाचता मला सारखी आठवत होती ती पिठोरीची कहाणी. श्रावणी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, घराघरांत ती वाचली जाते आणि पोरंबाळं शेजारी बसून ऐकतात. आटपाट नगरातल्या ब्राह्मणाच्या घरी श्रावणी अमावास्येला श्राद्ध, आणि नेमकी त्याच दिवशी सून बाळंत होते, मूल मरतं. सहा वर्षं असंच. सातव्या वर्षी सासरा ते मेलेलं मूल तिच्या ओटीत घालतो आणि तिला रानात हाकलून देतो. ग्रिमच्या दोन खंडांत याहून काळी सुरुवात मला सापडली नाही.

रानात तिला झोटिंगाची बायको भेटते. परत जा, माझा नवरा तुला खाऊन टाकेल, असं ती म्हणते. आणि ही सून सांगते की त्यासाठीच तर आले आहे.

या वाक्याशी मी अडकले. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासमोर, ज्याच्या मनात काय चाललंय मला माहीत नाही, मरण मागणारी बाई ठेवायची की नाही? संपादकबाईंनी सुचवलं की मुलं मेलेली न ठेवता हरवलेली ठेवू, मग हे वाक्यही आपोआप जाईल. माझी एक मैत्रीण किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे. तिला कहाणी वाचायला दिली. तिचं म्हणणं असं की असं वाक्य पानावर आलं तर त्यानंतर लगेच कुणीतरी थांबून सरळ विचारायला हवं. उपदेश करायचा नाही, घाईने विषय बदलायचा नाही. विचारायचं आणि पूर्ण ऐकून घ्यायचं. मग ती म्हणाली, "पण हे तर इथे आहेच की. पुढची ओळ वाच."

खरंच होतं. कहाणीत झोटिंगाची बायको तिला तिथल्या तिथे विचारते, बाई, तू इतकी जिवावर उदार का? सून सगळी हकिगत सांगते. सासरघरी सात वर्षांत जे कुणी विचारलं नाही ते राक्षसाची बायको विचारते. ऐकून घेते, तिला धीर देते, आणि मग उपाय सांगते: पुढे शिवलिंग आणि बेलाचं झाड आहे, त्यावर बसून राहा. रात्री साती अप्सरांसह देवकन्या येतील, पूजा करतील, खीरपुरीचा नैवेद्य दाखवतील आणि अतिथी कोण आहे म्हणून विचारतील, तेव्हा मी आहे म्हण. शेकडो वर्षं मुलाबाळांत सांगितली गेलेली ही कहाणी. भीती आणि तिच्या शेजारचा हात दोन्ही तिच्यात होते. मुलं हरवलेली केली असती तर झोटिंगाच्या बायकोला विचारायलाच काही उरलं नसतं. मी संपादकबाईंना मैत्रिणीचं म्हणणं आणि कहाणीतल्या त्या ओळी जशाच्या तशा पाठवल्या. त्यांनी दोन दिवसांनी कळवलं, ठेवू या.

माझ्या गोष्टीत मी त्या दोघींचं बोलणं वाढवलं. पाऊस पडतोय, झाडाखाली दोघी बसल्या आहेत, ओटीत मूल आहे. झोटिंगाची बायको त्या मुलाचं नाव विचारते. सून म्हणते, बारसं झालंच नाही कुणाचं. मग त्या दोघी मिळून सातही मुलांना नावं ठेवतात. नंतर रात्र होते.

बाकी कहाणी मी थोरल्या मुलाच्या तोंडून सांगितली. सहा वर्षांपूर्वी मेलेला, योगिनींच्या सांभाळात वाढलेला, बाकीच्या भावांना झोपवणारा. त्याला आईचा चेहरा माहीत नाही. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे आई डोक्यावर खीरपुरीचं वाण धरून मागे न बघता विचारते, अतिथी कोण, आणि मूल मागून मी म्हणत ते घेतं. कहाणीत विचारतात देवकन्या आणि उत्तर देते आई. मी दोन्ही ठेवलं. झाडावरून आवाज येतो, "मी आहे," आणि मुलाला कळतं की आपल्यालाही हेच उत्तर द्यायचंय. हा भाग लिहिताना माझे डोळे सारखे भरून यायचे. आजही वाचताना येतात.

शेवटावर गटात जोरदार वाद झाला. कहाणीत सून सात मुलांना घेऊन घरी येते, सासरा तांदूळ-पाणी ओवाळून टाकतो, सगळ्यांना आत घेतो, आनंदीआनंद. मुलींना हे अजिबात पटलं नाही. "त्याने सॉरी म्हटलं का?" "मेलेलं बाळ ओटीत टाकलं आणि आता ओवाळतोय?" एक मुलगा म्हणाला, आजोबांनाही वाईट वाटलं असेल, ते रागात होते. मला इथे पुन्हा विल्हेल्म ग्रिम आठवला. सासऱ्याच्या जागी कुणी दुष्ट शेजारी घातला तर सगळ्यांचीच सोय होते, फक्त घरात ज्या मुलाला आपल्याच माणसाकडून दुखावलं गेलंय त्याची होत नाही. करणारा मी बदलला नाही. थोरला मुलगा उंबऱ्यावर थांबतो आणि विचारतो, "धाकट्याला हिच्या ओटीत कुणी घातलं होतं?" सासऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या असतो. त्याला "मी" म्हणावं लागतं. रानात ज्या शब्दाने मुलं परत मिळाली तोच शब्द इथे त्याला उच्चारावा लागतो. मुलगा आत येतो की नाही हे मी लिहिलं आहे, पण इथे सांगत नाही. अजून कुणाला तरी ती गोष्ट वाचायची असेल.

चित्रांचं काम पटकन झालं. चित्रकाराने लांडगा कुठेच पूर्ण काढला नाही आणि डोणीच्या पानावर फक्त बादली धरलेले दोन हात काढले. पिठोरीसाठी त्याने झाडावर बसलेली बाई काढली, खाली सात मुलं पाठमोरी. मला दोन्ही चित्रं मनापासून आवडली.

अंक आल्यावर पालकांकडून दोन्ही प्रकारचे निरोप आले. एका आजोबांनी पोळ्याची कहाणी बिघडवली म्हणून नाराजी कळवली. मी त्यांना फोन केला, आम्ही बराच वेळ बोललो. त्यांच्या आईने सांगितलेली कहाणी त्यांनी मला फोनवर पूर्ण ऐकवली. तिच्यात झोटिंगाची बायको सुनेला स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून देते, बाळाला गुंडाळायला. मी कुठे वाचलं नव्हतं हे. पुस्तक निघालं तर त्यांना विचारून मी ते घेणार आहे.

सध्या नागपंचमीची कहाणी हातात आहे. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात, नागीण रागाने त्याचं सगळं कुटुंब संपवते आणि सासरी असलेल्या मुलीला डसायला निघते. मुलगी पाटावर नागाचं चित्र काढून पूजा करत असते, नागीण प्रसन्न होऊन अमृत देते, माणसं उठतात. गटात वाचल्यावर, जिच्या मामाचं शेत निफाडकडे आहे त्या मुलीने विचारलं, "आणि पिल्लं?" मी ऐकलेल्या कहाणीत पिल्लांचं पुढे काही सांगितलेलं नाही. अमृत नागिणीकडेच होतं, मग तिने आधी ते पिल्लांवर का शिंपडलं नाही, यावर मुलांचं दोन शनिवार भांडण चालू आहे. एक गट म्हणतो, नांगराने तुकडे झालेल्यांना अमृत लागत नाही. दुसरा म्हणतो, रागात ती विसरलीच. मामाचं शेत असलेली मुलगी यापैकी काहीच मानत नाही. तिने मला वहीच्या पानावर लिहून दिलंय की गोष्ट नागिणीने सांगायला हवी आणि ती वारुळापासून सुरू व्हायला हवी, नांगर यायच्या आदल्या दिवशी. ते पान समोर ठेवून मी लिहायला बसले आहे.